दोन केबीत संसार: आर्डुइनोमधी स्ट्रिंगची मेमरी कशी सांभाळायची

वरूड तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि सोबतच मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायचे डबे पण बनवून देतो. डब्यात आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), सिम८००एल मॉडेम (सिमवरून मेसेज घेणारा-पाठवणारा), दोन रिले (विजेनं चालणारे स्विच) आणि १६ बाय २ चा डिस्प्ले, बस. पहिला डबा मोठ्या बाबांच्या संत्र्याच्या बगीच्यात लावला होता. टेबलावर दोन दिवस मस्त चालला, विहिरीवर लावला आणि तिसऱ्या रात्री मुका झाला. मेसेज पाठवा, उत्तर नाही, मोटर नाही, सकाळी जाऊन रिसेट दाबलं की पुन्हा दोन दिवस शहाण्यासारखा चालणार. आणि हे नेमकं जानेवारीत, आंबिया बहाराचा ताण तोडायच्या, म्हणजे झाडांना पुन्हा पाणी सुरू करायच्या वेळेस, थ्री फेज लाईन रात्री बारानंतर येत होती तेव्हा. मोठे बाबा म्हणाले, "अबे, यापेक्षा मी स्वेटर घालून गेलो असतो नं बटन दाबाले, तं बरं झालं असतं."

मी आधी पावरवर शंका घेतली. तुमचा डबा मेसेज पाठवताना रिसेट होत असेल तर तुम्ही पण आधी तेच पाहा, कारण हे मॉडेम पाठवायच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत ओढते आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच चालतात, बारीक वायर असली की तिथंच व्होल्टेज बसते. माझी वायर जाड होती, मॉडेमजवळ मोठा कपॅसिटर होता. दोष शेवटी निघाला स्ट्रिंगमधी, म्हणजे कोड मजकूर जसा ठेवते त्यात. तो कसा शोधला, काय बदललं, ते सगळं क्रमानं लिहितो. मोबाईलवर टाइप करून राहिलो म्हणून फंक्शनची नावं जशी बोलतो तशीच मराठीत लिहिली आहेत, आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधी) अर्थात इंग्रजीतच टाका.

आधी जागा मोजा

साधा नॅनो घ्या की ऊनो आर३ घ्या, आत चिप एकच, एटीमेगा३२८पी. तिच्यात तीन जागा आहेत. फ्लॅश ३२ केबी, त्यात प्रोग्राम बसते आणि लाईन गेली तरी तसाच राहते. रॅम २ केबी, म्हणजे मोजून २०४८ बाइट, चालू काम सगळं इथं, लाईन गेली की साफ. आणि १ केबी ईईप्रॉम, नंबर-बिंबर जपून ठेवायला. फ्लॅश म्हणजे धान्याची कोठी समजा आणि रॅम म्हणजे हातातलं सूप. कोठीत पोतं आहे म्हणून कोणी पोतंच्या पोतं सुपात घेत नाही.

पण आर्डुइनो नेमकं तेच करते. कोडमधी अवतरणात जे जे लिहिता ते सगळं, लागो न लागो, प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच फ्लॅशमधून रॅममधी कॉपी होते. या चिपमधी फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगवेगळे आहेत, आणि साधा पॉइंटर (पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) फक्त रॅमचाच पत्ता समजते, म्हणून कंपायलर (आपला कोड चिपच्या भाषेत बदलणारा) बिचारा सगळं रॅममधी आणून ठेवते. "मोटर चालू झाली" हे रोमन अक्षरात लिहिलं तर जागा धरून १६ अक्षरं, आणि शेवटी एक शून्य बाइट, झाले १७. एकाचं काही वाटत नाही, पण डिबगिंगच्या (चूक शोधायच्या) ओळी, एटी कमांडा (मॉडेमचे आदेश), डिस्प्लेवरचे शब्द, उत्तराचे मेसेज असे चाळीस-पन्नास झाले की रॅमचा तिसरा हिस्सा गेला, आणि तुम्ही अजून एक व्हेरिएबल पण वापरला नाही.

कंपाइल झाल्यावर खाली जी ओळ येते, ग्लोबल व्हेरिएबल इतके बाइट, इतके टक्के, ती आपण कोणी वाचत नाही. वाचा. माझ्या पहिल्या कोडला तिथं १५८६ बाइट होते, ७७ टक्के. ७५ च्या वर गेलं की आयडीई स्वतःच सांगते की मेमरी कमी आहे, अडचण येऊ शकते, आणि मी ते तीन आठवडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, अपलोड तर होऊन राहिलं होतं नं.

आता यातली खरी मेख. तो आकडा पूर्ण नसते. फंक्शनच्या आत घेतलेले बफर (मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागा) त्यात धरलेले नसतात, कारण ते स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या कामाच्या जागेवर) बनतात आणि फंक्शन चालेल तेव्हाच बनतात. फंक्शनमधी १६० बाइटचा अ‍ॅरे घेतला तर आकडा जसाच्या तसा, पण चालताना १६० गेले. तसंच लायब्ररीनं (दुसऱ्याच्या तयार कोडनं) चालू असताना मागितलेली मेमरी पण दिसत नाही. १२८ बाय ६४ चा तो छोटा ओलेड डिस्प्ले बऱ्याच जणांना आवडते, पण त्याची अ‍ॅडाफ्रूटवाली लायब्ररी पूर्ण स्क्रीनचा नकाशा रॅममधी ठेवते, १०२४ बाइट, म्हणजे अर्धी रॅम, आणि ती सुरू झाल्यावर मागते म्हणून कंपाइलच्या आकड्यात त्याचा पत्ताच नाही. फक्त अक्षरंच दाखवायची असतील तर यू८एक्स८ वापरा, ती स्क्रीनचा नकाशा ठेवत नाही. बाकी बारीकसारीक खर्च पण मांडून ठेवा: सिरियलचे येणं-जाणं मिळून ६४ चे दोन बफर, सॉफ्टवेअर सिरियलचा ६४ चा एक, आय-टू-सीची वायर लायब्ररी ३२-३२ चे पाच, म्हणजे १६०.

म्हणून चालू असताना मोजायचं एक छोटं फंक्शन टाकून घ्या, मी त्याले "उरलं किती" म्हणतो. रॅममधी हीप (प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेली जागा) खालून वर चढते आणि स्टॅक वरून खाली उतरते, मधली मोकळी जागा आपल्याले पाहिजे. फंक्शनमधी एक लोकल व्हेरिएबल घ्या, त्याचा पत्ता म्हणजे साधारण स्टॅकचं टोक. हीपचं टोक "डबल अंडरस्कोअर बीआरकेव्हॅल" नावाच्या पॉइंटरमधी असते, आणि हीप अजून वापरलाच नसेल तर तो शून्य असते, अशा वेळी "डबल अंडरस्कोअर हीप अंडरस्कोअर स्टार्ट" चा पत्ता घ्यायचा. दोन्ही एक्स्टर्न म्हणून जाहीर करा, वजाबाकी करा, इंट परत द्या. चार ओळीचं काम आहे. सेटअपच्या शेवटी एकदा छापा, आणि कोडमधल्या सगळ्यात खोल फंक्शनच्या आतून एकदा छापा, दोन आकड्यांतला फरक पाहून मी चाटच पडलो होतो.

पहिला आणि फुकटचा उपाय, एफ मॅक्रो

सिरियल डॉट प्रिंटच्या कंसात अवतरण आहे ना, त्याच्याआधी मोठा एफ आणि कंस लावायचा, बस. मजकूर फ्लॅशमधीच राहते आणि छापताना एकेक अक्षर तिथूनच उचललं जाते. डिस्प्लेच्या प्रिंटला चालते, सॉफ्टवेअर सिरियलला चालते, जे जे प्रिंट क्लासमधून आलेलं आहे त्या सगळ्याला चालते. मी सगळ्या कोडमधी फक्त एवढंच केलं, चहा थंड व्हायच्या आत झालं, आणि १५८६ चे ९१४ झाले. याच्याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

तीन जागी अडकाल. एक, एफ फक्त फंक्शनच्या आत चालते, वर ग्लोबलमधी लावला तर कंपायलर ओरडते. दोन, एकच वाक्य पाच ठिकाणी एफ लावून लिहिलं तर फ्लॅशमधी पाच प्रती बसतात, साधी अवतरणं कंपायलर एकत्र करते पण एफवाली करत नाही. फ्लॅश भरपूर आहे म्हणून सहसा फरक पडत नाही, पण पडला तर त्या वाक्याचं एक वेगळं फंक्शन करून टाका. तीन, तुलना करताना एफ कामाचा नाही. साध्या एसटीआरसीएमपीला (दोन मजकूर जुळवणारं फंक्शन) फ्लॅशचा पत्ता दिला तर तो तोच पत्ता रॅममधी शोधते आणि भलतंच वाचते. त्याच्यासाठी शेवटी अंडरस्कोअर पी लावलेला भाऊ आहे, एसटीआरसीएमपी अंडरस्कोअर पी, आणि मजकुराला एफऐवजी पीएसटीआर लावायचा.

मी तर एसटीआरकेसकम्प अंडरस्कोअर पी वापरतो, लहान-मोठी लिपी सारखी धरणारा. काहून तं मोठे बाबांचा फोन पहिलं अक्षर आपोआप मोठं करते, कधी "ऑन" पूर्ण मोठ्या अक्षरात येते, कधी मागे एक स्पेस राहते. ती शेवटची स्पेस पण तुलनेआधी कापून टाका, नाहीतर मोटर काही चालू होणार नाही आणि तुम्ही मेमरीत चूक शोधत बसाल.

मेसेजची यादी असेल तर प्रोग्मेम

लाईन आली, लाईन गेली, एक फेज कमी, ओव्हरलोड, विहीर कोरडी, असे ठरलेले आठ-दहा मेसेज असतील आणि नंबरानं उचलायचे असतील तर प्रोग्मेमची (फ्लॅशमधीच ठेवा असं सांगणारा शब्द) यादी बनवा. प्रत्येक मजकूर वेगळा कॉन्स्ट कॅर अ‍ॅरे, प्रोग्मेम लावून, आणि मग त्यांच्या पत्त्यांचा एक अ‍ॅरे, त्याला पण प्रोग्मेम. इथं दहापैकी आठ जण अर्धंच काम करतात, पत्त्यांच्या अ‍ॅरेला प्रोग्मेम लावतात आणि मजकूर तिथंच अवतरणात लिहितात. मंग पत्ते गेले फ्लॅशमधी आणि मजकूर रॅममधीच राहिला, दहा पत्त्यांचे २० बाइट वाचले आणि मजकुराचे दोनशे तसेच.

वाचताना पण दोन पायऱ्या: आधी पीजीएम रीड वर्डनं पत्ता काढायचा, मंग मजकूर. बरेच जण मजकूर एसटीआरसीपीवाय अंडरस्कोअर पीनं बफरमधी कॉपी करून छापतात. कायले? पत्ता मिळाला की तो फ्लॅश स्ट्रिंग हेल्परच्या पॉइंटरमधी कास्ट करा आणि सरळ प्रिंटला द्या, तो तिथूनच छापते, बफर लागतच नाही.

मोठ्या एसवाली स्ट्रिंग: इथं खरा आजार होता

इथपर्यंत केल्यावर माझा डबा दोन ऐवजी नऊ दिवस चालला आणि पुन्हा मुका झाला. म्हणजे जागा वाढली म्हणून आजार फक्त लांबला, बरा झाला नाही.

मॉडेमकडून येणारं एकेक अक्षर मी स्ट्रिंगमधी अधिक-बरोबर करून जोडत होतो, मंग त्यातून सबस्ट्रिंग काढून नंबर वेगळा, आदेश वेगळा, आणि उत्तर बनवताना पुन्हा पाच तुकडे अधिक-अधिक करून जोडलेले. लिहायला एकदम सोपं, वाचायला छान. पण ही स्ट्रिंग आपला मजकूर हीपमधी ठेवते. लांबी वाढली की आणखी जागा मागते, शेजारी मोकळं नसेल तर दुसरीकडं मोठी जागा घेऊन सगळं तिकडं नेते आणि जुनी सोडते. सोडलेली जागा म्हणजे भोक. पुढच्या वेळी त्या भोकात छोटं काहीतरी बसते, मोठं बसत नाही.

कापसाच्या सीझनमधी जिनिंगच्या आवारात गेले असाल तर लगेच समजेल. सकाळपासून छोट्या गाड्या, ट्रॉल्या येऊन जाऊन राहिल्या, मधी मधी एकेका गाडीपुरती जागा रिकामी आहे, सगळी मिळून मोजली तर चार ट्रॉल्या उभ्या राहतील एवढी. पण तुमची एक मोठी ट्रॉली लावायले सलग जागा कुठंच नाही, मंग रहा गेटावर उभे. यालेच फ्रॅगमेंटेशन म्हणतात. आणि "उरलं किती" फंक्शनला ही भोकं दिसत नाहीत बरं, तो फक्त हीपच्या टोकापासून स्टॅकपर्यंतची सलग जागा मोजते.

जागा मिळाली नाही तर काय होते? काहीच होत नाही, हाच तर त्रास आहे. स्ट्रिंग जोडायचं फंक्शन आत शून्य परत देते, ते कोणी तपासत नाही, आणि स्ट्रिंग जशी होती तशीच राहते. म्हणजे माझा आदेश अर्धाच भरून राहिला होता, तुलना जुळत नव्हती, डबा आपल्या हिशोबानं एकदम बरोबर चालू होता, फक्त कोणाचंच ऐकत नव्हता. कधी कधी स्टॅक आणि हीप एकमेकांत घुसतात तेव्हा मात्र रिसेट होते नाहीतर डिस्प्लेवर कचरा दिसते.

उपाय: येणारा मजकूर ठरलेल्या मापाच्या कॅर अ‍ॅरेमधी घ्या, ग्लोबल, म्हणजे त्याचा खर्च कंपाइलच्या आकड्यातच दिसेल. माप किती? एसएमएस १६० अक्षरांचा असते म्हणून १६१ चा बफर घ्यायची गरज नाही, आपला आदेश "ऑन", "ऑफ", "स्टेटस" एवढाच. पण मॉडेम मेसेजच्या आधी अधिक-सीएमटीवाली ओळ पाठवते, त्यात नंबर आणि तारीख-वेळ असते, ती पन्नासच्या आसपास जाते. म्हणून मी ६४ चा घेतला आणि ओळ-ओळ वाचतो. पहिली ओळ आली की त्यातून नंबर तपासला, लक्षात ठेवायचं ते ठेवलं, बफर रिकामा, त्याच बफरमधी दुसरी ओळ.

भरायची पद्धत अशी. एक अक्षर आलं. ते कॅरिज रिटर्न (१३ नंबरचं अक्षर) असेल तर सोडून द्या. न्यूलाइन (१० नंबरचं, ओळ संपल्याची खूण) असेल तर आतापर्यंतच्या जागी शून्य टाका, ओळ पूर्ण झाली असं सांगा, मोजणी पुन्हा शून्यावर. नाहीतर मोजणी ६३ पेक्षा कमी असेल तरच अक्षर ठेवा आणि मोजणी वाढवा, जास्त झालं तर टाकून द्या पण न्यूलाइनपर्यंत वाचत राहा. ही शेवटची अट विसरले की कंपनीचा रिचार्जच्या ऑफरचा लांबलचक मेसेज आला त्या दिवशी शेजारच्या व्हेरिएबलवर लिहिलं जाणार, आणि शेजारी जर रिलेची स्थिती असली तर मोटर आपोआप चालू. हसू नका, झालेलं आहे माझ्यासोबत, नशीब विहिरीत पाणी होतं.

अजून एक, मजकूर अर्धा येत असेल तर दरवेळी बफरच छोटा नसते. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० बाइट येतात, आणि सॉफ्टवेअर सिरियलचा बफर ६४ चा, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्शातच भरला. तुमच्या लूपमधी कुठं १०० मिलिसेकंदाचा डिले असला की पुढचं सगळं सांडलं. डिले काढा, मिलिसवर (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) हिशोब करा.

ज्याले स्ट्रिंग सोडवतच नाही त्यानं निदान एवढं करा: एकच ग्लोबल ठेवा, सेटअपमधी रिझर्व्ह करून सगळ्यात मोठ्या मापाची जागा एकदाच घ्या, फंक्शनला देताना रेफरन्सनं द्या म्हणजे प्रत बनत नाही, आणि रीडस्ट्रिंग वापरू नका, तो नवीन स्ट्रिंग पण बनवते आणि शेवटी एक सेकंद वाट पण पाहत बसते. घरातल्या दिव्यासाठी एवढ्यात भागेल. विहिरीवर महिनोन्महिने चालणाऱ्या डब्यात मी ती ठेवणार नाही.

उत्तर जोडताच काहून?

हे मले उशिरा सुचलं आणि सगळ्यात जास्त कामाचं ठरलं. उत्तराचा मेसेज आपण आधी पूर्ण जोडतो आणि मग एकदम पाठवतो, माणसाची सवय आहे, चिठ्ठी पूर्ण लिहूनच देतो आपण. पण मॉडेमला त्याची काही गरज नाही. सीएमजीएस (मेसेज पाठवायचा आदेश) दिल्यावर तो बाणाचं चिन्ह दाखवते, तिथून कंट्रोल-झेड म्हणजे २६ नंबरचं अक्षर येईपर्यंत तुम्ही जे जे द्याल ते मेसेजमधी जाते. मंग आधी एफ लावून "मोटर चालू, करंट" छापा, मग आकडा छापा, मग एफ लावून "अँप" छापा, शेवटी २६. चार ओळी, बफर शून्य, जोडणी शून्य. डिस्प्लेलाही हेच.

जिथं जोडावंच लागते तिथं एसएनप्रिंटएफ, आणि फॉरमॅट फ्लॅशमधी ठेवायला त्याचा अंडरस्कोअर पीवाला. एन नसलेला एसप्रिंटएफ वापरू नका, त्याले माप माहीतच नाही, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात पेरते. माप देताना साइझऑफ देतो आपण, पण बफर जर फंक्शनला पॅरामीटर म्हणून आला असेल तर साइझऑफ पॉइंटरचं माप सांगते, म्हणजे २, आणि मेसेजमधी एकच अक्षर येते. तेव्हा माप वेगळं पॅरामीटर म्हणून द्या. एसएनप्रिंटएफनं परत दिलेला आकडा मापाएवढा किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला असं समजा.

आणि फ्लोट. टक्के-एफ लावलं की ऊनो-नॅनोवर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते, कारण जागा वाचवायला फ्लोट छापायचा भाग डिफॉल्टमधी काढून ठेवलेला आहे. डीटोएसटीआरएफ वापरा, त्याले आकडा, रुंदी, दशांश आणि बफर द्यायचा. मी तर फ्लोटच टाळतो, करंट दशांश अँपिअरमधी पूर्णांक ठेवतो, १२.५ म्हणजे १२५, छापताना भागिले दहा, टिंब, बाकी दहा.

मराठीत मेसेज पाठवायचा असेल तर

मोठ्या बाबांनी अट घातली होती, "इंग्रजी आलं तं मी डबा काढून टाकीन." इथं हिशोब पूर्ण बदलते, म्हणून थोडं थांबतो.

यूटीएफ-८ मधी (अक्षरं बाइटमधी साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजतात. "विहिरीत" आपल्याले चार अक्षरं वाटतात, पण व, वेलांटी, ह, वेलांटी, र, वेलांटी, त अशी सात चिन्हं, २१ बाइट, शेवटचा शून्य धरून २२. असे मेसेज एफशिवाय कोडमधी टाकले की रॅम गेलीच. आणि एसएमएसची मर्यादा पण १६० वरून ७० चिन्हांवर येते, यात मात्रा धरून बरं. म्हणून "आपली मोटर यशस्वीरीत्या सुरू करण्यात आलेली आहे" वगैरे सरकारी भाषा सोडा, "मोटर चालू. पाणी ३ फूट." एवढं पुरे.

मॉडेमला युनिकोड पाठवायला सीएससीएस (कोणत्या पद्धतीची अक्षरं ते ठरवणारा आदेश) यूसीएस२ वर करा आणि सीएसएमपीमधी (मेसेजची सेटिंग) १७, १६७, ०, ८ द्या. मग मजकूर हेक्समधी (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत) द्यायचा, दर चिन्हाला चार अंक. ७० चिन्हांचे २८० अंक होतात, आणि इथंच बहुतेक जण २८१ चा बफर घेतात. घेऊ नका. मजकूर फ्लॅशमधी यूटीएफ-८ मधीच राहू द्या, पीजीएम रीड बाइटनं एकेक बाइट वाचा. बाइट १२८ पेक्षा कमी असेल तर ते साधं अक्षर, आकडा किंवा स्पेस. नाहीतर देवनागरी, अजून दोन बाइट वाचा, पहिल्याचे खालचे ४ बिट, दुसऱ्याचे ६, तिसऱ्याचे ६ जोडले की चिन्हाचा नंबर तयार, तो लगेच हेक्समधी मॉडेमला देऊन टाका. एका वेळी रॅममधी एकच चिन्ह.

नंबर छापताना मी जे केलं ते करू नका. प्रिंटला हेक्स सांगितलं की तो पुढचा शून्य गाळते. "पाणी" चे खरे नंबर ०९२ए, ०९३ई, ०९२३, ०९४०. माझ्याकडून गेले ९२ए, ९३ई, ९२३, ९४०, म्हणजे सलग ९२ए९३ई९२३९४०. मॉडेमनं इमानदारीत चार-चार अंक मोजून घेतले, ९२ए९, ३ई९२, ३९४०, आणि हे तिन्ही नंबर निघाले चिनी लिपीचे. मोठ्या बाबांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, मंग मले दाखवला, "हे कोनत्या देशाचं पानी आहे बे?" तेव्हा चारही अंक स्वतः छापा, वरच्या चार बिटांपासून सुरू करून एकेक.

आणि हो, या मोडमधी ज्या नंबरला पाठवायचं तो मोबाईल नंबर पण तसाच हेक्समधी द्यावा लागते, ९ म्हणजे ००३९. आणि येणारा मेसेज पण हेक्समधीच दिसते, म्हणून पाठवून झालं की सीएससीएस पुन्हा जीएसएमवर आणि सीएसएमपीचा शेवटचा आकडा शून्य, नाहीतर "ऑन" ओळखला जाणार नाही. डिस्प्लेचं मात्र विसरा, १६ बाय २ वाल्यात स्वतःची फक्त आठ अक्षरं बनवता येतात, त्यात मराठी बसत नाही, तिथं रोमनच.

नंबर कुठं ठेवायचे

मालकाचे, मुलाचे, सालदाराचे नंबर बदलतात, ते कोडमधी नको, ईईप्रॉममधी ठेवा. अधिक-९१ धरून १३ अक्षरं आणि एक शून्य, १४ बाइट, पाच नंबरचे ७०. तुलना करताना पण पूर्ण नंबर रॅममधी आणू नका, एकेक बाइट वाचून जुळवा. लिहिताना राईटऐवजी अपडेट वापरा, तो बाइट बदललेलाच नसेल तर लिहीत नाही, कारण एका जागी १ लाख वेळा लिहिण्याचीच हमी आहे.

एवढं करून पण पुरत नसेल तर बोर्ड बदला, त्यात काही कमीपणा नाही. मेगा २५६० मधी ८ केबी रॅम आहे, ईएसपी३२ मधी ५२० केबी. पण ईएसपी३२ वर स्ट्रिंगचा तोच घोळ करून ठेवला तर तो पण एक दिवस बसतेच, फक्त तोपर्यंत तुम्ही गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन घरी आलेले असता. उलट अ‍ॅटटायनी८५ वर काम असेल तर रॅम ५१२ बाइटच, तिथं वरचं सगळं पहिल्या दिवसापासून.

तपासणी

डब्यात एक आदेश वाढवा, मी "मेम" ठेवला आहे, त्याच्या उत्तरात "उरलं किती" चा आकडा येते. टेबलावर लॅपटॉपवरून दर पाच सेकंदाला खोटे मेसेज सोडा, लांब, छोटे, चुकीचे, मराठी, रिकामे, रात्रभर. सकाळी आकडा तोच असला पाहिजे, तोच म्हणजे तोच, दोनचा पण फरक नको. कमी होत असेल तर कुठंतरी अजून हीप वापरणं चालू आहे, बहुतेक एखादी लायब्ररी आतल्या आत स्ट्रिंग वापरत असते, तिचा कोड उघडून पाहा. आकडा स्थिर आहे पण २०० च्या खाली आहे तर मी तो डबा लावत नाही, एखादा इंटरप्ट (चालू काम थांबवून मधीच घुसणारं काम) भलत्या वेळी आला की स्टॅक अजून खाली उतरते.

बगीच्यातल्या डब्याचा आकडा १०९४ वर बसला आहे. सुरुवातीला मी तो दर उत्तराच्या शेवटी चिकटवून ठेवला होता, म्हणजे मले घरबसल्या नजर ठेवता यावी. आठ दिवसांनी मोठे बाबा दुकानात आले. "मोटर चालू, पानी तीन फूट, हे समजलं. हे एक हजार चौऱ्याण्णव काय आहे? बिल आहे काय?" आता तो आकडा फक्त माझ्या नंबरवर येते.